शुक्रवारी आम्ही गडमुडशिंगीला होतो

मंगळवार पेठ, कोल्हापूर
८ फेब्रुवारी १९८२

प्रिय नृसिंह,

'प्रिय' लिहायला वेळ लागला. पहिल्या कागदावर नुसतंच 'नृसिंह' लिहिलं, तर ते कोर्टाच्या समन्ससारखं दिसायला लागलं, म्हणून तो कागद फाडला. तू आमच्या घरात तीन वर्षं जेवलास. तेवढ्यासाठी तो शब्द राहू दे.

तुझा मुंबईचा पत्ता तात्यासाहेबांनी दिला. परवा ते स्वतः जिना चढून आले. आता त्यांना दम लागतो. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तर खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "राजमतीबाई, आपला नृसिंह येतोय की! अठ्ठावीस तारखेला सत्कार. लंडनहून चार वादक आणतोय, त्यातले दोघं वेस्ट इंडीजचे." वेस्ट इंडीज म्हटल्यावर शेजारची चिमणाबाई दारातूनच ओरडली, "म्हंजे क्रिकेटवाले काय?" तात्यासाहेब म्हणाले, "क्रिकेटवाले न्हवं गं, ढोलवाले." गाण्याच्या क्लबचे सेक्रेटरी म्हणून ते अठरा वर्षांपूर्वी जसे मोठ्यानं बोलायचे तसेच अजून बोलतात, फक्त मधे थांबावं लागतं. त्यांनी पिशवीतून एक दिवाळी अंक काढला, तुझी मुलाखत छापून आलेला, आणि म्हणाले, "स्मरणिका काढतोय. तुम्ही दोन पानं लिहा. तो तुमच्याकडं कसा राहायचा, काय खायचा, असलं काहीतरी घरगुती. लोकांना आवडतंय." मी म्हटलं, मला कुठं लिहिता येतं. तर म्हणाले, "वाचनालयाची निम्मी कपाटं वाचून काढलाय तुम्ही, मला ठाऊक हाय."

घरगुती लिहायचं तर पुष्कळ आहे. एकसष्ट साली तू गगनबावड्याहून आलास तेव्हा तुझ्या ट्रंकेतले कपडेसुद्धा ओले होते. तुझे वडील दत्तोपंत मास्तर आमच्या घरधन्यांना, तू ज्यांना पुढं दादा म्हणायला लागलास त्यांना, म्हणाले, "कॉलेजात घातलाय, पण त्याचा जीव तुमच्या पेटीच्या दुकानात आहे, तेव्हा तुम्हीच बघा." आम्ही जैन, आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवण. तू क्लबातून, नाहीतर त्या गोवेकर बँडमास्तरांकडून पियानो शिकून उशिरा यायचास. मी तुझं ताट झाकून ठेवायची. तू कांदा मागायचास आणि मी नाही म्हणायची. तीन वर्षं तू रोज मागितलास. आम्हाला मूल नव्हतं. घरात कुणीतरी रोज काहीतरी मागतंय याचं मला बरं वाटायचं. हे मी तेव्हा तुला कळू दिलं नाही.

दुकानात मी फारशी यायची नाही, पण मधल्या दारातून सगळं ऐकू यायचं. तुझे दादा पेटीचा सूर लावायचे तेव्हा कामावरची माणसंही गप्प बसायची. पितळेची ती लहानशी पट्टी, तिच्यावर कानस अगदी हलक्या हातानं फिरवायची, पुन्हा पेटीत बसवायची, भाता हलवायचा, ऐकायचं. मला संगीतातलं काही कळत नाही. पण एक गोष्ट कळायची. सूर खोटा असला की तो आतून थरथरतो, वाऱ्यावर दिव्याची वात हलावी तसा. दादा घासत जायचे आणि एका क्षणी ती थरथर थांबायची. एकदा गांधार असा थांबला तेव्हा तू रडलास. मी दारातून पाहिलं. तू विचारलंस, "दादा, पियानोत असा गांधार का न्हाई?" त्यावर ते म्हणाले, "पेटी एका गवयासाठी लावायची. पांढरी एक त्याची पट्टी असली की तिथं खरी लावली, काम झालं. पियानोला सगळ्या पट्ट्यांत वाजायचं असतंय, म्हणून त्याचा सूर न् सूर थोडा थोडा खोटा ठेवावा लागतोय. सगळ्यांच्या घरी जाणारा माणूस कुणाच्याच घरी नीट बसत न्हाई, तसं हाय त्ये." क्लबचा पियानो वर्षातून दोनदा तेच लावायचे. बँडमास्तरांनी त्यांना ते शिकवलं होतं. खोटा किती ठेवायचा हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. ही गोष्ट लक्षात ठेव.

तुझी कॅसेट ऐकली. तात्यासाहेबांच्या नातवानं राजारामपुरीतल्या त्यांच्या घरी लावून दाखवली. खोटं कशाला बोलू, चांगलं वाजवतोस. आधी तुझा पियानो एकटा, भूपासारखं काहीतरी, सावकाश. मग मागून ढोल येतो. हलगीसारखाच, पण चाल लंगडी, एक पाऊल लांब आणि एक आखूड, आणि तरी पडत नाही. मग ती जाझची तुतारी का काय ती, भांडण उकरून काढल्यासारखी मधे घुसते. आणि शेवटी तुम्ही सगळे जिथं येऊन थांबता तिथं तो गांधार. तोच. मी ओळखला. मधल्या दारातून वीस वर्षं ऐकलेला सूर मला ओळखू येणार नाही काय? पोरानं सांगितलं की त्रिनिदादकडची माणसं तेलाची रिकामी पिंपं हातोडीनं ठोकून त्यातून सूर काढतात आणि तुझ्या कॅसेटमध्ये तेही आहे. हे तुझ्या दादांना कळायला हवं होतं असं वाटलं. ते लगेच निघाले असते त्या माणसाची हातोडी बघायला.

घरी येऊन मुलाखत वाचली. वाचायला मी लग्नानंतर शिकले, सुराच्या पट्ट्या ज्या रद्दी वर्तमानपत्रांत गुंडाळून यायच्या त्यांवरून. त्यामुळं छापलेलं ते खरं असं मी पुष्कळ दिवस धरून चालत असे. तुझी मुलाखत मी तीनदा वाचली. तू म्हणतोस, "आमच्या कोल्हापुरात एक पेटीवाला होता. त्या बिचाऱ्यानं क्लबचा पियानो पेटीसारखा लावून टाकला. एका पट्टीत मध, बाकी सगळीकडे रडारड. भर कार्यक्रमात फजिती झाली. सगळे हसले, पण मला मात्र त्या अडाणी चुकीत माझं संगीत सापडलं." खाली कंसात 'हसतात' असं छापलंय.

एक पेटीवाला. बिचारा. अडाणी.

तर आता मी सांगते काय झालं ते. तुला माहीत आहे. पण मला काय माहीत आहे हे तुला माहीत नाही.

चौसष्ट सालचा नोव्हेंबर. शनिवारी संध्याकाळी क्लबचा वाढदिवस होता आणि मुंबईहून एक पारशी बाई पियानो वाजवायला आल्या होत्या. आम्ही दोघं त्याच दिवशी दुपारी गडमुडशिंगीहून परतलो होतो. तिथं माझ्या भावाच्या मुलीचं बारसं होतं. आम्ही गुरुवारी संध्याकाळच्या एस.टी.नं गेलो ते शनिवारी दुपारीच आलो. शुक्रवारचा अख्खा दिवस तुझे दादा माझ्या भावाच्या अंगणात बसून मोडक्या पाळण्याची कडी दुरुस्त करत होते. तिथल्या शेजारच्या बयाबाईला विचार, ती अजून जिवंत आहे. तिनं त्यांना तीनदा चहा दिला आणि तिन्ही वेळा म्हणाली, "पावणं, बारशाला आलाय का सुतारकामाला?"

घरी आल्यावर त्यांची हत्यारांची पिशवी दुसऱ्याच खुंटीला होती. पियानोच्या खुंट्या पिळायची ती लांब चावी तिच्यातून अर्धी बाहेर आलेली. क्लबच्या हॉलची किल्ली कोनाड्यात होती, पण उलटी. त्यांनी पाहिलं, मीही पाहिलं. तू सरावाला गेला असशील असं दोघांनाही वाटलं. कार्यक्रमाला जायची घाई होती.

त्या बाई बसल्या. पहिलं वाजवलं ते गोडच वाटलं. बायकांच्या बाजूला मी बसले होते, मलाही वाटलं की आज पियानो वेगळाच लागलाय. मग त्यांनी दुसरं काहीतरी काळ्या पट्टीतलं सुरू केलं आणि तो पियानो कोल्ह्यासारखा ओरडला. बाईंनी हात उचलले, पुन्हा ठेवले, पुन्हा तेच. मागून कुणीतरी हसलं. मग सगळे हसले. त्या बाई उठल्या आणि आत निघून गेल्या. तात्यासाहेब स्टेजवर आले, चेहरा लालबुंद. "पियानोला हात कुणी लावला?"

तू तिसऱ्या रांगेत होतास. तुझ्या दादांनी मान वळवून तुझ्याकडं पाहिलं. मी ते पाहिलं. तुझं तोंड पांढरं पडलं होतं आणि तू स्वतःच्या बुटांकडं बघत होतास. दुसऱ्या दिवशी तात्यासाहेब तुला मुंबईच्या हॉटेलातल्या बँडसाठी शिफारशीची चिठ्ठी देणार होते. त्याआधी एकदा तू त्या पियानोची तार तोडली होतीस आणि तात्यासाहेबांनी बजावलं होतं की पुन्हा हात लावलास तर चिठ्ठी विसर. दादा उभे राहिले. म्हणाले, "मी लावलाय, साहेब. काल. पेटीच्या हिशेबानं लावला, चुकलं."

काल म्हणजे शुक्रवार.

सगळ्यांना पटलं. पेटीवाल्यानं पियानोची पेटी केली, यात न पटण्यासारखं काय होतं? तुझं नाव कुणाच्या डोक्यातही आलं नाही. तू मात्र उभा राहिला नाहीस. मी वाट बघत होते. टाळी वाजवायला लागतो तेवढाच वेळ होता, पण मी वाट बघितली.

घरी चालत येताना मी त्यांना म्हटलं, शुक्रवारी तर आपण गडमुडशिंगीला होतो. ते म्हणाले, "माहीत हाय." मी म्हटलं, मग? तर म्हणाले, "बावीस वर्षांचं पोरगं हाय. त्याला तो गांधार पियानोत ऐकायचा होता, दुसरं काय? चिठ्ठी गेली तर त्याचं सगळंच जाईल. माझं काय जातंय? कान गेला म्हणतील. म्हणू देत की. माझा कान कुठं जात न्हाई, हितंच हाय." आणि हसले. मग माझ्याकडून वचन घेतलं, की ते असेपर्यंत मी कुणाला सांगायचं नाही. तुलासुद्धा नाही. त्याला वाटू दे, म्हणाले, की हे फक्त त्याच्या आणि माझ्यातच आहे; नाहीतर तो वहिनीला तोंड दाखवू शकणार नाही.

तू सोमवारी गेलास. मला नमस्कार केलास तेव्हा मी तुला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. वचन दिलं होतं ना.

काय जातंय, असं ते म्हणाले होते. काय गेलं ते सांगते. सुतार असता तर एक खुर्ची मोडली म्हणून धंदा बसला नसता. पण सूर लावणाऱ्याकडं कान सोडून दुसरं असतं काय? आधी शाळांनी पेट्या पाठवणं बंद केलं. मग गवई. भजनी मंडळं सगळ्यात शेवटी गेली, त्यांना बिचाऱ्यांना लाज वाटायची. रस्त्यानं जाताना लोक म्हणायचे, "काय मगदूम, आता सनई लावाय घेतलासा काय पेटीसारखी?" दोन वर्षांत दुकानात कोळ्यांनी जाळी धरली. मग राजारामपुरीत नवी दुकानं होत होती, तिथं ते लाकूडकामाला जायला लागले. कापडवाल्यांची फडताळं, डॉक्टरांची टेबलं. दहा वर्षं. एक केसभर पितळ घासणारा हात रंधा मारून इतका जाड झाला की शेवटी शेवटी त्यांना शर्टाचं बटण लावता येत नसे, मी लावून द्यायची. घरातली पेटी मात्र दर दिवाळीला काढायचे, पुसायचे, लावायचे. खरी लावायचे. ऐकायला मीच असायची.

मी चिडायची. रोज चिडायची. पोस्टमन गेला की मी म्हणायची, आलं का तुमच्या लाडक्याचं पत्र? त्यांना तुझ्याकडून स्वतःसाठी काही नको होतं. त्यांना वाटायचं की तू तात्यासाहेबांना दोन ओळी लिहिशील. "त्याचं बस्तान बसू दे, मग त्योच सांगेल. दुसऱ्यानं सांगून उपयोग न्हाई, त्याच्याच तोंडून आलं पायजे." मुंबईत तू तीन वर्षं होतास तेव्हा म्हणाले, अजून पाय रोवला नाही. लंडनला गेलास तेव्हा म्हणाले, परक्या मुलखात आहे. तुझी पहिली तबकडी निघाल्याचं वर्तमानपत्रात आलं तेव्हा म्हणाले, "आता लिहील बघ." तुझं एक कार्ड आलं, पुलाचं चित्र असलेलं. 'दादा, वहिनी, मी मजेत आहे, इथे फार थंडी आहे.' ते त्यांनी आरशाच्या कडेला अडकवलं. त्यात काही नाही हे मला दिसत होतं. त्यांना दिसत नव्हतं असं मी कसं म्हणू?

शहात्तरच्या पावसाळ्यात ते गेले. ताप होता, मग न्यूमोनिया. शेवटचे दोन दिवस त्यांना वरच्या मजल्यावरच्या रेडिओचा सूर खटकत होता. "कमी हाय, कमी हाय" म्हणायचे. कान गेला नव्हता. मी तुला पत्र टाकलं. तुझं उत्तर चार महिन्यांनी आलं, दौऱ्यावर होतो म्हणून. त्यात तू लिहिलंस की ते मला वडिलांसारखे होते. मी ते वाचलं आणि वाट बघत राहिले, की आता तरी पुढच्या ओळीत काही असेल. पुढच्या ओळीत तुझी सही होती.

नृसिंह, पियानो बिघडवलास म्हणून मी तुला दोष देत नाही. तो तू बिघडवला नाहीसच, तुझी ती कॅसेट ऐकल्यावर एवढं तर मलाही कळतं. बुटांकडं बघत बसलास तेही मी सोडून दिलं असतं. त्या वयात भीती मोठी असते. गप्प राहिलास, हेही गिळलं. पण तू गप्प राहिला नाहीस. तू बोललास. त्यांनी तुझ्यासाठी स्वतःच्या अंगावर घेतलेलं खोटं तू लोकांना हसवायला वापरलंस. किती गावांत सांगितलंस ते? लंडनमध्ये? त्या ढोलवाल्यांना? ते हसले असतील. त्यांना कुणी सांगितलं नसेल, की ज्याला तू अडाणी म्हणतोस त्याला खरं आणि खोटं यांतलं केसाएवढं अंतर हातानं मोजता येत होतं.

तात्यासाहेबांसाठी मी दोन पानं लिहिली आहेत. घरगुतीच आहेत. बारसं आहे, पाळण्याची कडी आहे, बयाबाईचा चहा आहे, शुक्रवार आहे. तुझं नाव आहे आणि त्यांचंही. जयपाल बाबू मगदूम. लग्नाच्या उखाण्यानंतर मी हे नाव कधी तोंडातून काढलं नाही, आमच्यात बायका घेत नाहीत. पण तू एवढ्या मोठ्या मुलाखतीत ते घेतलं नाहीस, तेव्हा कुणीतरी घ्यायला हवं. वचन ते असेपर्यंतचं होतं, आणि त्यांना जाऊन साडेपाच वर्षं झाली. वीस तारखेला, शनिवारी सकाळी दहा वाजता तात्यासाहेब पानं न्यायला येणार आहेत. तेवढ्यासाठी हे पत्र. त्याआधी तू कोल्हापूरला ये, नाहीतर त्यांना फोन कर, पण स्वतःच्या तोंडानं सांग, आणि सत्काराला उभा राहशील तेव्हा तिथंही सांग. मग मी ही पानं चुलीत घालीन आणि तू कांदा मागायचास ते लिहून देईन. याला धमकी म्हण, मला शब्द मवाळ करता येत नाहीत. तू सांगितलंस तर लोक म्हणतील, केवढा मोठा माणूस, आपली चूक कबूल केली. मी सांगितलं तर म्हणतील, म्हातारी जळते. हे मला चांगलं कळतं, आणि तरीही मी देणार आहे. पण दादांना ते तुझ्याच तोंडून यायला हवं होतं, म्हणून आधी तुला विचारते. ते बारा वर्षं थांबले. मी शनिवारपर्यंत थांबेन.

अजून तरी तुझीच,
राजमती वहिनी